सासरचा दोर आणि माहेरचा दोर

होडी खाडीच्या मधोमध अडकली होती आणि ती अडकवली होती तिला वाचवायला आलेल्या माणसांनीच. पुढच्या टोकाला बांधलेला दोर माझ्या माहेरचे वीस-पंचवीस लोक त्यांच्या काठावरून ओढत होते. मागच्या टोकाला बांधलेला दोर माझ्या सासरचे तेवढेच लोक आमच्या काठावरून ओढत होते. दोर रेतीवाल्यांचे, नायलॉनचे, अंगठ्याएवढे जाड. ते इतके ताणले होते की पिळातून पाणी उडत होतं. होडी ना इकडे सरकत होती ना तिकडे. ओहोटी पूर्ण जोरात होती. आडव्या होडीच्या कुशीवर पाणी आपटून वर चढायचं आणि प्रत्येक वेळी घागरभर आत यायचं. खाली दीडशे पावलांवर नव्या पुलाचे लोखंडी खांब पाण्यात रोवलेले होते आणि त्यांच्याभोवती पाणी फेसाळत होतं.

होडीत आम्ही सहा जण होतो. दोघी बहिणी एकमेकींना धरून रडत होत्या. शकील नावाचा कापडाच्या लूमवरचा कामगार जेवणाच्या डब्याने पाणी उपसत होता. पांडूशेठ फोनवर दोन्ही काठांना आळीपाळीने शिव्या देत होता. आमचे जुने मास्तर, त्यांना सगळे गुरुजीच म्हणतात, फळीवर पाय वर घेऊन बसले होते. त्यांनी दोन्ही दोरांकडे नीट बघितलं आणि मला म्हणाले, "ठकू, दोन्हीकडची ओढ सारखी आहे. विरुद्ध दिशेला आहे. म्हणजे उत्तर शून्य."

मी म्हटलं, "शून्य न्हाय गुरुजी. पानी आत येतंय."

हे असं का झालं ते कळायला होडीचं काम काय असतं ते कळायला हवं. आता पूल झाला आहे. गाडीत बसून काच न उघडता खाडी ओलांडणाऱ्यांना ते माहीत असण्याचं कारण नाही, म्हणून सांगते.

आमची खाडी म्हणजे मोठी खाडी नव्हे, तिचा फाटा. भरतीला रुंदी सव्वाशे पावलं, सुकतीला त्याहून कमी आणि दोन्ही बाजूला मांडीएवढा चिखल. अलीकडे माझं सासर, पलीकडे माहेर. लग्नात मला माझ्याच सासऱ्याच्या होडीतून आणली, तेव्हा वऱ्हाडाचे कपडेसुद्धा सुकले नव्हते एवढं जवळ. रस्त्याने जायचं तर मानकोलीला वळसा घालून ट्रकांच्या रांगेतून दोन तास. होडीने, चिखलातली चढउतार धरून, वीस मिनिटं. नवरा वारला तेव्हा घरात होडी होती आणि वल्हवणारं दुसरं कोणी नव्हतं. धाकटा दीर भगवान राहनाळला गोदामात लागला होता, त्याला चिखलात पाय घालायचे नव्हते. म्हणून मी वल्हं धरलं. तीस वर्षं धरलं. कोणी मला त्याबद्दल शाबासकी दिली नाही, तीन लोकांनी नावं ठेवली, आणि ते तिघंही माझ्याच होडीतून जायचे.

बाहेरच्या माणसाला वाटतं होडी वल्हवणं म्हणजे हाताचं काम. ते अर्धं. उरलेलं अर्धं पाण्याचं काम असतं आणि पाणी तुमच्या मर्जीने चालत नाही. दिवसातून दोनदा ते गावाकडे येतं, दोनदा समुद्राकडे जातं. जाता-येता थोडा वेळ उभं राहतं. पाणी उभं असताना होडी घालायची, हा माझा नियम. ते जमलं नाही तर पाण्याशी हिशेब करायचा. समोरच्या धक्क्याला जायचं असेल तर धक्क्याकडे तोंड करून चालत नाही. पाणी ज्या बाजूने येतंय त्या बाजूला तोंड करायचं. तुम्ही वर चढता, पाणी तुम्हाला खाली आणतं, आणि दोघांचं मिळून होडी बरोबर धक्क्याला लागते. नवीन माणूस आधी ओरडतो, आजी, तिकडे कुठे चाललात. मग बरोबर धक्क्यावरच उतरतो.

कधी बाजाराच्या धक्क्यापर्यंत खाडीच्या लांबीने जावं लागे. तिथे खरी गंमत. पाण्याबरोबर गेलं तर माझी चाल आणि पाण्याची चाल एकत्र होतात, होडी पळते. पाण्याविरुद्ध गेलं तर माझ्या चालीतून पाण्याची चाल वजा होते. मी सहा पावलं पुढे नेते, पाणी चार मागे ओढतं, होडी दोन जाते. घाम मात्र सहाचाच येतो. वजाबाकी घामात होत नाही, हे लक्षात ठेवायचं.

हाच शकील पहिल्यांदा बसला तेव्हाचं सांगते. जौनपूरकडचा, भिवंडीत लूमवर बारा तासांची शिफ्ट करणारा. आम्ही ओहोटीच्या विरुद्ध चाललो होतो. तो पाण्यात बघत बसला होता. म्हणाला, "अम्मा, आपकी नाव तो बहुत तेज़ भागती है." मी म्हटलं, पाण्यात नको बघू, काठावरचा विजेचा खांब बघ. त्याने बराच वेळ खांब बघितला. मग खाली पाणी बघितलं. पुन्हा खांब. "ये तो खड़ी है," म्हणाला. मी म्हटलं, दोन्ही खरं आहे. तो म्हणाला, "हमारे शटल जैसा है. दिनभर दौड़ता है, पहुँचता कहीं नहीं." त्या दिवसापासून मला तो माणूस आवडला. गणित त्याला कळलं आणि त्याने त्याचं दुःख केलं नाही.

पुलाची मापं घ्यायला एक साहेब आला होता. त्याच्याकडे पाण्यात सोडायचं फिरकीचं यंत्र होतं. ते पेटीतून काढायला अर्धा तास, लावायला अर्धा तास. तोवर मी नेहमीसारखं नारळाचं सोडण, म्हणजे वरची साल, पाण्यात टाकलं आणि काठावरून त्याच्याबरोबर चालत पावलं मोजली. त्याने माझी पावलं फुटांत करून कागदावर मांडली, मग यंत्राचा आकडा मांडला. दोन्ही जवळजवळ सारखे आले. मी विचारलं, मग यंत्र कशाला आणलंत. तो म्हणाला, "आजी, सरकारला सोडण जोडून पाठवता येत नाही." सज्जन माणूस होता. माझं काम बंद पाडायला आला होता आणि जाताना पाया पडून गेला.

गुरुजींचीही एक गोष्ट आहे. ते पलीकडच्या गावातले, माझ्याच शाळेचे. मी चौथीपर्यंत त्यांच्याकडे शिकले. पुढची शाळा अलीकडच्या काठाला होती आणि मुलीला होडीतून शाळेत पाठवायचं माझ्या बापाला पटलं नाही. पुढे याच मुलीला लोकांनी होडीतच बसवलं, ते चाललं. तर गुरुजी निवृत्त होण्याच्या वर्षी वर्ग घेऊन होडीत आले. नावेचा वेग, प्रवाहाचा वेग, ही उदाहरणं मुलांना दाखवायची होती. नाव पाचने चालते, प्रवाह तीनने, उलट दिशेला किती? मुलं ओरडली, दोन. एका मुलीने विचारलं, दोन्ही पाचच असले तर? गुरुजी म्हणाले, तर नाव जागच्या जागी उभी राहील.

मी वल्हवता वल्हवता म्हटलं, तशी ती फार वेळ उभी राहत नाही, वल्हवणारी दमते, मग होडी मागे जाते.

गुरुजी म्हणाले, "ठकू, पुस्तकातली माणसं दमत नाहीत."

मुलं हसली. मीही हसले. पण ते वाक्य मला पुढे फार वेळा आठवलं, कारण आमच्या दोन्ही गावांतली माणसं पुस्तकातलीच निघाली. ओढायला दमत नव्हती.

आता दोन गावांचं. नारळी पौर्णिमेला खाडीला नारळ द्यायचा असतो. आमच्याकडे तो तरीच्या, म्हणजे माणसं पार नेणाऱ्या, होडीतून देतात, आणि आदल्या संध्याकाळी होडी ज्या काठाला बांधलेली असेल त्या गावाचा मान पहिला. एक वर्ष अलीकडचं गाव, एक वर्ष पलीकडचं. हे ठरलेलं, त्यात कधी भांडण नव्हतं. मग करोनाचं वर्ष आलं आणि नारळ कोणीच दिला नाही. ते वर्ष पलीकडच्यांचं होतं. पुढच्या वर्षी माझ्या माहेरचे म्हणाले, गेलं वर्ष झालंच नाही, म्हणजे मान आमचाच. सासरचे म्हणाले, वर्ष झालं, पंचांगात आहे, नारळ दिला नाही हा तुमचा प्रश्न, यंदा पाळी आमची. एक वर्ष मोजायचं की नाही मोजायचं यावर दोन बैठका झाल्या. एकीत खुर्च्या फेकल्या. पलीकडच्या बाजूने माझा सख्खा भाऊ बाळाराम पुढे, अलीकडच्या बाजूने माझा सख्खा दीर भगवान पुढे. मला कोणी विचारलं नाही. होडी मात्र माझी होती.

मी दोघांना सांगितलं, शेवटची फेरी जिथे संपेल तिथे होडी बांधीन, माझ्याशी बोलू नका. मला वाटलं मी मोठी शहाणी. झालं असं की आता दोन्ही गावं माझी शेवटची फेरी मोजायला लागली.

पौर्णिमेच्या आदल्या दिवशी पाच माणसांना पलीकडे जायचं होतं. गुरुजी डॉक्टरकडे जाऊन परतत होते. दोघी बहिणी गोदामातली पॅकिंगची ड्युटी संपवून घरी निघाल्या होत्या. शकीलला पलीकडे एका लूमच्या कारखान्यात नवं काम बघायचं होतं. आणि पांडूशेठ. पांडूशेठ माझ्या माहेरचा, जमीन गोदामांना देऊन शेठ झालेला. अंगाने भरलेला आणि कायम होडीच्या टोकावर बसायचा हट्ट. मी त्याला नेहमी सांगे, शेठ, तुमी पुढं बसलात की होडी नाक खुपसून चालते, मधे बसा. तो म्हणे, मधे गरिबांनी बसावं. मी म्हणे, मधे वजनदारांनी बसावं. त्यावर तो बसे. त्या दिवशी तो भिवंडीच्या बाजारातून गावचा नारळ आणणार होता, सोनेरी वर्खात मढवलेला.

पाणी भरून उभं राहणार होतं दीडच्या सुमाराला. तेव्हाच निघायचं होतं. पांडूशेठचा फोन आला, मानकोली नाक्यावर ट्रकांत अडकलोय, थांब. थांबले. तो आला सव्वातीनला. तोपर्यंत ओहोटी लागून जोर धरला होता, आणि पौर्णिमेची ओहोटी म्हणजे उधाणाची. वर चार दिवस पाऊस झाल्याने नदीचं पाणीही खाली येत होतं. ओहोटी समुद्राकडे, नदी समुद्राकडे, दोघी एकाच दिशेला, म्हणजे बेरीज. मी सोडण टाकलं. त्याच्याबरोबर चालता येईना, पळावं लागलं.

नियमाप्रमाणे मी सात वाजेपर्यंत थांबायला हवं होतं. गुरुजींनीही तेच सांगितलं. पण सातला निघाले असते तर तीच शेवटची फेरी झाली असती आणि होडी पलीकडे राहिली असती. भगवान धक्क्यावर येऊन उभा होता. त्याने वर्खाचा नारळ बघितला आणि त्याचा चेहरा फिरला. नारळही तिकडे, होडीही तिकडे, माहेरही तिकडे, असं तो बोलला नाही, पण ऐकू आलं. मी म्हटलं, आत्ता सोडून येते, सातच्या आत परत इकडे. त्याला खोटं पाडायला मी होडी घातली. चूक माझी. पाण्याचा हिशेब करायचा सोडून मी दिराच्या तोंडाचा हिशेब केला.

मध्यापर्यंत आले तेव्हा वरून एक झाडाचं खोड वाहत आलं आणि डावं वल्हं मोडून गेलं. एका वल्ह्याने होडी पुढे जात नाही, फिरते. मी नांगर टाकला. त्याने चिखल धरला, सोडला, धरला. दोन्ही काठांवरून ओरडा झाला. गाव जमायला वेळ लागला नाही, उद्याच्या तयारीसाठी माणसं धक्क्यांवरच होती. रेतीवाल्यांचे दोर दोन्हीकडे पडलेले असतात. दोन्ही गावांना एकच अक्कल एकाच वेळी सुचली. वरच्या अंगाला जाऊन दोराला तेलाचा रिकामा कॅन बांधून पाण्यात सोडला की पाणीच तो होडीपर्यंत आणतं. माहेरचा कॅन आधी आला, तो पांडूशेठने पुढच्या टोकाला बांधला. मी उरलेलं वल्हं आवरत होते तोवर सासरचा कॅन आला. धाकट्या बहिणीने तो पकडला आणि मागच्या टोकाला बांधून टाकला. तिला काय माहीत? दोन दोर एकापेक्षा बरे, असं कोणालाही वाटेल.

दोन्हीकडून ओढ लागली, नांगर उखडला, होडी आडवी झाली, आणि मी सुरुवातीला सांगितलं तिथे आपण आलो.

पातळ पिळताना दोघी दोन टोकांना ओढतात. पातळ कुठे जात नाही, पण त्याचं पाणी निघतं. होडीचं तसं झालं होतं. ओढ एकमेकींत संपत होती असं गुरुजींना वाटत होतं. ती संपत नव्हती, फळ्यांत जात होती. मागची फळी कण्हायला लागली होती.

मी ओरडले, सोडा, एक दोर सोडा. पलीकडच्यांना वाटलं अलीकडच्यांना सांगते. अलीकडच्यांना वाटलं पलीकडच्यांना सांगते. दोघांनीही माझ्या ओरडण्याचा मान राखून आणखी जोरात ओढलं.

पांडूशेठने बाळारामला फोन लावला आणि मोठ्या आवाजावर ठेवला. म्हणाला, बाला, दोर सोरा.

बाळाराम म्हणाला, "आमी का सोरू? बाय आमची हाय. त्यांना सांग."

मग भगवानला लावला. तो म्हणाला, "होरी आमची हाय, वैनी आमच्या घरची हाय. त्यांनी सोरला की दोन मिन्टांत वढून घेतो."

"भावजी, होरी भरतेय," मी म्हटलं.

"म्हनूनच सांगतोय, त्यांना सोरायला लाव."

तेव्हा गुरुजींनी फोन हातात घेतला. दोन्ही गावांतले अर्धे लोक त्यांच्या हातची छडी खाल्लेले. त्यांनी आधी बाळारामला झापलं, बहीण बुडवून मान मिळवणार का म्हणून विचारलं. बाळाराम नरमला. बरं गुरुजी, तुमच्या शब्दाखातर सोडतो. मग गुरुजींनी भगवानला लावला आणि सांगितलं, बघ, ते सोडतायत, त्यांच्याकडून शिक. शिक्षकाची ही सवय वाईट. भगवान लगेच म्हणाला, "ते कशाला? आमीच आदी सोरतो. मोठेपना कोनाचा ते गावाला दिसू दे."

दोन्ही काठांवर माणसं हातातले वेढे सोडवायला लागली. मी खालच्या लोखंडी खांबांकडे बघितलं. भांडणात कमी पडायचं नाही म्हणून दोघं ओढत होते, आता मोठेपणात कमी पडायचं नाही म्हणून दोघं सोडणार होते. दोघांनी सोडलं असतं तर आम्ही सहा जण त्या खांबांवर गेलो असतो, आणि दोन्ही गावांनी मोठेपणाने आमचे दिवस केले असते.

मी गुरुजींच्या हातातून फोन हिसकावून पांडूशेठला दिला. शेठ, बालाला लावा, लवकर. लागला. "बाला, सोरू नको. धर. कायबी झालं तरी धर."

त्याने धरला. माहेरचे लोक पुन्हा दोराला भिडले. ते भगवानने बघितलं. त्याच्या दृष्टीने झालं असं की अलीकडचे मोठेपणाने सोडत होते आणि पलीकडच्यांनी फसवलं. त्याने सगळ्यांना पुन्हा दोर धरायला लावला, स्वतः पाण्याच्या कडेला अगदी पुढे आला, दोराचा वेढा कमरेला घेतला आणि मागे रेलला. मागची फळी तडकली. आता पाणी वरून यायचं ते खालूनही यायला लागलं. शकील डबा टाकून माझ्याकडे बघायला लागला.

होडीत तिवराच्या फांद्या तोडायला मी कोयता ठेवत असे. तो काढला. दोन दोर होते, एक कापायचा होता.

यावर नंतर फार चर्चा झाली, म्हणून नीट सांगते. पुढचा दोर कापला असता तर होडी मागच्या टोकाने लटकली असती. आमच्या होडीचं मागचं टोक रुंद आणि बुटकं असतं, पाणी त्यावर सरळ चढलं असतं. शिवाय तडकलेली फळी तीच. मागचा कापला तर होडी पुढच्या दोरावर फिरणार, टोकदार तोंड पाण्याकडे करणार, पाणी दोन्ही बाजूंनी फाकणार आणि तेच पाणी तिला ढकलत काठाला नेणार. जी धार आम्हाला मारत होती तिनेच आम्हाला नेऊन सोडायचं. फक्त तिच्याशी भांडणारं दुसरं कोणी मधे नको. हे समजायला मला तीस वर्षं लागली होती आणि ठरवायला एक श्वासही लागला नाही. मागच्या टोकाला सासरचा दोर होता हा योगायोग. पुढे माझं माहेर होतं हाही योगायोग. तो त्या धाकट्या बहिणीने घडवला, मी नव्हे.

मला हेही माहीत होतं की ताणलेला नायलॉनचा दोर तुटला की चाबकासारखा मागे जातो. रेतीवाल्यांत त्याचा फटका बसलेली माणसं मी बघितली होती. मी आमच्या काठाकडे तोंड करून ओरडले, "भावजी, खाली बसा. दोर कापतेय, खाली बसा."

बाकीचे बसले. भगवानने बघितलं की वैनी हातात कोयता घेऊन त्याचा दोर कापायला निघाली आहे. तो बसला नाही. तो "वैनी" एवढंच म्हणाला. ते मला ऐकू आलं नाही, ओठांवरून कळलं.

पहिल्या घावाला अर्धा तुटला. दुसऱ्याला गेला.

दोर गेला तसा होडीने मोठा झोल घेतला. पांडूशेठ दोघी बहिणींच्या अंगावर पडला, गुरुजी फळीखाली गेले, वर्खाचा नारळ उडी मारून पाण्यात पडला. खाडीला त्या वर्षी नारळ एक दिवस आधीच मिळाला आणि दोन्ही काठांनी न देता मिळाला. मग तोंड फिरलं. आत येणारं पाणी वरून थांबलं. बाळारामच्या लोकांनी फार ओढायचीही गरज नव्हती, नुसतं धरून उभं राहायचं होतं. तेवढं मात्र त्यांनी केलं. धारेनेच होडी तिरकी तिरकी नेत माहेरच्या चिखलात घातली. उतरलो तेव्हा आत मांडीपर्यंत पाणी होतं. मी मागे वळून आमच्या काठाकडे बघितलं. सगळे एका जागी गोळा झाले होते आणि कोणी माझ्याकडे बघत नव्हतं.

दुसऱ्या दिवशी मान कोणालाच मिळाला नाही, कारण होडी फुटली होती आणि माझा दीर ठाण्याच्या इस्पितळात होता. दोराच्या टोकाने त्याचा डावा डोळा गेला होता. कमरेला वेढा घेऊन मागे रेलला होता म्हणून तो मागे उडाला, नाहीतर तोल जाऊन पाण्यात गेला असता, असं बघणारे म्हणाले. ज्या मूर्खपणाने डोळा गेला त्यानेच जीव वाचला.

सासरी अजून म्हणतात, ठकूने माहेर निवडलं. माहेरी अजून म्हणतात, बायने माहेर निवडलं. एवढी एकच गोष्ट आहे जिच्यावर दोन्ही गावांचं एकमत आहे. मी कितीदा सांगितलं की मी पाणी बघून निवडलं. पाणी बघून निवडलं हे कोणाला पटत नाही, कारण त्यांच्यातल्या एकानेही त्या दिवशी पाण्याकडे बघितलं नव्हतं.

वाईट वाटतं का? वाटतं. सव्वातीनला होडी घालायला नको होती, हे रोज वाटतं. तो दोर पुन्हा कापीन का? कापीन. भगवानची बायको दोन वर्षांपूर्वी गेली, तेव्हापासून तो माझ्याच हातचं जेवतो. पानावर बसताना मी नेहमी त्याच्या डाव्या हाताला येईन असा बसतो, म्हणजे मी त्याला दिसत नाही. वाढलेलं सगळं मात्र संपवतो.

पूल झाल्यावर मी होडी विकली. घेणाऱ्याने मागची फळी का बदललेली आहे विचारलं. मी म्हटलं, जुनी झाली होती.

त्या दिवशी होडीत गुरुजी, पांडूशेठ, शकील, त्या दोघी बहिणी आणि मी, असे सहा जण होतो. सहाही जण जगलो.